वाट नसलेल्या देशाचा फेरफार कसा वाचावा

माझी आई कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. १९४३ साली तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आजोबांबरोबर पाटीत वांगी, दोडका, कोथिंबीर घेऊन ती बराकींपर्यंत जायची. तिथल्या एका बाईंची आठवण तिनं शेवटपर्यंत सांगितली. श्रावणात पंचगंगा पात्राबाहेर आली होती, शेतांत पाणी पसरलं होतं. बाई बराच वेळ त्या पाण्याकडं बघत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी ओल्या मातीत बोटानं एक नाव काढली, नावेत वल्हं धरलेला माणूस काढला, आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "पिन्स्क." आजोबा आईला म्हणाले, "तिचं गाव असंल ते."

मी एकतीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढली. शंकू साखळी आणि प्लेन टेबलपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी मशीनपर्यंत सगळं हाताखालून गेलं. निवृत्तीनंतर एका दुपारी नातवंडांचा ॲटलास घेऊन पिन्स्क शोधायला बसलो. पोलंडच्या पानावर ते नव्हतं. ते निघालं बेलारूसमध्ये. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग ती बाई खोटं कशाला सांगंल?" तिचं म्हणणं बरोबर होतं. गाव जागेवरच होतं, सातबारा बदलत गेला होता. आणि सातबारा का बदलला हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, बघायचा असतो, हे आम्हा मोजणीवाल्यांना कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

यंदा माझ्या नातीला शाळेत 'भूवेष्टित देश' हा प्रकल्प आला. तिच्याबरोबर बसून बेलारूसचा जो नकाशा केला, तो कसा केला हे इथं सविस्तर लिहितो. हीच रीत तुम्हाला हंगेरीला, बोलिव्हियाला, इथिओपियाला लावता येईल. एक आठवडा रोज संध्याकाळी तासभर दिला तर काम होतं.

सुरुवात बांधावरून करा

भूवेष्टित म्हणजे चारी बाजूंनी दुसऱ्यांची जमीन, समुद्रकिनारा कुठंच नाही. पुस्तकात एवढंच असतं. पण आपल्याकडं हा प्रकार शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत आहे: वाट नसलेलं शेत. असं शेत जन्मतः नसतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा. बापाच्या नावावर पंधरा एकर असतं तेव्हा रस्ता त्याच जमिनीला लागून असतो. चार भावांत वाटणी झाली, पोटहिस्से पडले, की मागच्या भावाला वाट राहत नाही. त्याची जमीन होती तिथंच असते, मधे दुसऱ्याची मालकी येते.

बहुतेक भूवेष्टित देशांची गोष्ट अशीच आहे. १९९३ ला इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा किनारा गेला. २००६ ला माँटेनेग्रो वेगळा झाला आणि सर्बियाचा गेला. १९२० च्या त्रियानों तहानंतर हंगेरीचं फियुमे बंदर गेलं. बोलिव्हियाचा किनारा चिलीनं १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात जिंकला आणि १९०४ च्या तहानं त्यावर शिक्का बसला. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या पानावर "हा देश कुठं आहे" हे लिहिण्याआधी "याची वाट केव्हा बंद झाली" हा प्रश्न लिहा. पुढचं सगळं त्याला धरून येतं.

मूळ कामाला हात घालण्याआधी एक सराव करून घ्या. निपाणी घ्या, कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. १९५६ च्या ऑक्टोबरात निपाणीचा माणूस मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली आणि तो म्हैसूर राज्यात गेला. १९७३ पासून त्या राज्याचं नाव कर्नाटक. आणि ज्या कोल्हापुरात तो बाजाराला यायचा ते १ मार्च १९४९ पर्यंत संस्थान होतं. माणूस घरातच बसलेला, घराभोवतीचं नाव तेवढं बदलत गेलं. आपल्या भागात या रेषेची जखम अजून ओली आहे. म्हणूनच दुसऱ्यांच्या रेषा आपण जास्त समजून वाचू शकतो असं मला मनापासून वाटतं.

सामान आणि मापं

ए-थ्री आकाराचे सहा ट्रेसिंग पेपर, जाड बघून घ्या. एक पांढरा ड्रॉइंग पेपर तळाला. काळी बारीक पेनं, चार रंगीत पेन्सिली, लांब पट्टी, आणि एक टाचणी. टाचणी शेवटी लागते, पण ती विसरू नका.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर हवेतलं पाणी पिऊन फुगतो. आम्ही कचेरीत जुन्या नकाशांवर हा त्रास फार सोसला आहे. जुलैत काढलेला ताव आणि डिसेंबरात काढलेला ताव एकमेकांवर बसत नाहीत, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक पडतो. तेव्हा सगळे ताव एकाच महिन्यात काढा आणि गुंडाळी न करता सपाट, कपाटात ठेवा.

प्रमाण: १ सेंटीमीटरला २५ किलोमीटर. बेलारूस पूर्व-पश्चिम सुमारे ६५० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे ५६०, म्हणजे कागदावर साधारण २६ गुणिले साडेबावीस सेंटीमीटर. क्षेत्रफळ २,०७,६०० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दोन तृतीयांश. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा. असे सत्तावीस जिल्हे एकत्र केले की बेलारूस. कागदाच्या कोपऱ्यात त्याच प्रमाणात कोल्हापूर जिल्हा काढून ठेवा. तो अगदी लहान येतो, पण बघणाऱ्याला लगेच अंदाज लागतो.

आता चौकट. ड्रॉइंग पेपरवर २२ ते ३३ पूर्व रेखांश आणि ५१ ते ५७ उत्तर अक्षांशांच्या रेघा मारा. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, म्हणजे ४.४ सेंटीमीटर. रेखांशाचा अंश मात्र उत्तरेकडं जाताना आखडत जातो. त्या भागात तो सुमारे ६६ किलोमीटर भरतो, म्हणजे २.६ सेंटीमीटर. दोन्ही सारखे धरले तर देश आडवा ताणला जातो. ही चूक शाळेच्या नकाशांत मी नेहमी बघतो. रेषा खऱ्या तर किंचित वाकतात, पण एवढ्या कामाला सरळ चालतात. चारही कोपऱ्यांत फुल्या मारा आणि प्रत्येक ट्रेसिंगवर त्याच फुल्या उतरवून घ्या. ताव जुळवायचा तो याच खुणांवर.

पहिल्या वेळी माझी एक चूक झाली होती, ती सांगतो. मी आजच्या बेलारूसची आकृती कागदभर मोठी काढली आणि मग जुन्या सीमा त्यातच बसवायला लागलो. १९३९ वर आलो आणि ब्यालिस्टॉक कागदाबाहेर गेलं. स्मोलेन्स्कला जागा नव्हती. विल्नियस काठाला चिकटलं. सगळं फाडून पुन्हा काढलं. आजची हद्द ही शेवटची नोंद असते, तिला पाया धरायचं नसतं. भोवती चारही बाजूंनी मोकळी जागा सोडा.

पहिला ताव: पाणी

पहिल्या तावावर एकही सीमा काढायची नाही. फक्त नद्या काढा. हा ताव घाईनं उरकू नका, माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवतो तो हाच.

आपल्याकडं गगनबावड्याला उभं राहिलं की अर्धा पाऊस घाटाखाली अरबी समुद्राकडं पळतो. तो समुद्र इतका जवळ आहे की कोल्हापूरचा माणूस सकाळी निघून दुपारी वाळूत असतो. पण घाटाच्या अलीकडं पडलेलं पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून प्रयाग चिखलीच्या संगमावरून पंचगंगेत येतं, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतं आणि सगळं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं. बेलारूसलाही अशी एक कड आहे, मात्र तिथं सह्याद्री नाही. देशातला सगळ्यात उंच बिंदू मिन्स्कजवळची झेर्झिन्स्काया टेकडी, ३४५ मीटर. आपला पंचगंगा घाटसुद्धा समुद्रसपाटीपासून त्याहून बराच उंच आहे. एवढ्या सपाट जमिनीवरही पाणी आपला निर्णय घेतं.

दक्षिण आणि पूर्वेचं पाणी निळ्या पेन्सिलीनं काढा. नीपर रशियातून येते, ओर्शा आणि मोगिलेवजवळून खाली युक्रेनमध्ये जाते आणि शेवटी काळ्या समुद्राला मिळते. बेरेझिना तिची उपनदी, उगमापासून संगमापर्यंत सगळी बेलारूसमध्येच. प्रिप्याट युक्रेनमध्ये उगम पावते, बेलारूसमध्ये येऊन लांबवर पूर्वेला वाहते आणि पुन्हा युक्रेनमध्ये शिरून नीपरला मिळते. उत्तर आणि पश्चिमेचं पाणी हिरव्यानं काढा. पश्चिम द्विना वितेब्स्क, पोलोत्स्कवरून लाटव्हियात जाते आणि रिगाजवळ समुद्राला मिळते. नेमान ग्रोदनोवरून लिथुआनियात जाते. बुग पश्चिम सीमेवरून पोलंडमध्ये. या तिघींचंही पाणी बाल्टिक समुद्राचं. निळं-हिरवं जिथं वेगळं होतं तिथं तुटक रेघ मारा. ती मिन्स्कच्या अगदी जवळून जाते.

आता प्रिप्याटच्या काठाला या. या भागाला पोलेसिये म्हणतात. युरोपातला फार मोठा दलदलीचा प्रदेश. वसंतात बर्फ वितळलं की नदी मैलोगणती पसरते, आणि तिथं गावातून गावाला नावेनं जाणं ही पिढ्यानपिढ्यांची रीत. पिना नदी प्रिप्याटला मिळते तिथं पिन्स्क आहे: ५२ अंश ७ मिनिटं उत्तर, २६ अंश ६ मिनिटं पूर्व. हा ठिपका तावावर ठेवताना मला पहिल्यांदा कळलं, की वळिवड्याच्या पुरात त्या बाईंना गाव का दिसलं.

तिथंच एक कालवाही काढा. पिनेला मुखावेत्स नदीशी जोडणारा, अठराव्या शतकाच्या अखेरीस खणलेला. मुखावेत्स ब्रेस्तला बुगला मिळते. म्हणजे या एका कालव्यानं काळ्या समुद्राचं खोरं आणि बाल्टिकचं खोरं जोडलं जातं. ज्याला किनारा नाही त्या देशातून दोन समुद्रांची वाट जाते.

शेजारी आधी, रेघ नंतर

मोजणीत आपण आधी तीन गावांच्या शिवा मिळतात तो दगड शोधतो. तो हलवायचा तर तिघांची संमती लागते, म्हणून तो सहसा खरा असतो. बेलारूसला पाच शेजारी: पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया, रशिया, युक्रेन. म्हणजे असे दगडही पाच. ते पाच ठिपके आधी आजच्या सीमेच्या तावावर, म्हणजे सहाव्या तावावर ठेवा आणि मग एकेका शेजाऱ्याची रेघ भरा. एका दमात अख्खा देश गिरवू नका. कुणाशी कुठं बांध लागतो हे त्यानं हाताला कळतच नाही.

गावांची नावं लिहिताना एक तक्ता बाजूला ठेवा. आपण करवीर आणि कोल्हापूर म्हणतो, बेळगाव आणि बेळगावी म्हणतो, तसं तिथं प्रत्येक राजवटीचं नाव वेगळं. विल्ना, विल्नो, विल्नियस हे एकच शहर. ब्रेस्त-लितोव्स्क, बझेश्च आणि ब्रेस्त एकच. ग्रोदनो आणि ह्रोदना एकच. हा तक्ता नसला तर एका शहराचे तीन ठिपके पडतात.

मधले चार ताव: फेरफार नोंदी

फेरफारात आपण चार गोष्टी बघतो: तारीख, कुणाकडून, कुणाकडं, आणि कशानं, म्हणजे वारसानं, वाटणीनं, खरेदीनं की नुसत्या कब्ज्यानं. प्रत्येक तावाच्या खाली हे चार रकाने आखा. आणि एक नियम कडक पाळा: करारानं मान्य झालेली हद्द सलग रेघेनं, नुसता कब्जा किंवा नुसता सांगितलेला हक्क तुटक रेघेनं.

दुसरा ताव १५६९ चा. तोपर्यंत या जमिनी लिथुआनियाच्या महासंस्थानात होत्या. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वितौतास या राज्यकर्त्याच्या काळात ते संस्थान काळ्या समुद्रापर्यंत पोचलं होतं. म्हणजे या भूमीला वाट होती. १५६९ ला लुब्लिनला पोलंड आणि लिथुआनिया एका राज्यात आले, आणि त्या वेळी कीव्ह आणि व्होलिनियाचा मुलूख लिथुआनियाकडून पोलंडच्या राजमुकुटाकडं गेला. ब्रेस्त आणि पिन्स्क लिथुआनियाकडं राहिले. आजच्या बेलारूस-युक्रेन सीमेचा बराच भाग साधारण त्याच रेषेजवळून जातो. साडेचारशे वर्षांपूर्वीचा घरातला पोटहिस्सा आज आंतरराष्ट्रीय सीमा झाला आहे. हा ताव सहाव्यावर ठेवून बघा.

तिसरा ताव तीन वाटण्यांचा, १७७२, १७९३ आणि १७९५. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी पोलंड-लिथुआनिया वाटून घेतलं. तीन छटा वापरा. १७७२ ला वितेब्स्क, मोगिलेव, गोमेल रशियाकडं. १७९३ ला मिन्स्क आणि पिन्स्क. १७९५ ला ब्रेस्त, ग्रोदनो, विल्ना. ब्यालिस्टॉक आधी प्रशियाकडं गेलं आणि १८०७ ला रशियाकडं आलं. यानंतरचं शतक या तावावर शांत आहे, आतल्या प्रांतांच्या रेषा तेवढ्या. पुढं जा.

चौथ्या तावाला दोन संध्याकाळी द्या. १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत इतक्या नोंदी पडल्या, की आमच्या एखाद्या वादातल्या गटाची आठवण व्हावी. ३ मार्च १९१८ ला ब्रेस्त-लितोव्स्कच्या तहात रशियानं या मुलखाच्या पश्चिम भागावरचा हक्क सोडला. २५ मार्चला जर्मन सैन्य तिथं बसलेलं असतानाच मिन्स्कमध्ये बेलारूसच्या लोकसत्ताक राज्याच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. ती तुटक रेघेनं काढा, कारण हक्क सांगितला होता, कब्जा नव्हता. १ जानेवारी १९१९ ला सोव्हिएत बेलारूस जाहीर झालं, तेही स्मोलेन्स्कमध्ये, आणि लवकरच ते स्मोलेन्स्कसुद्धा रशियाकडं गेलं. मग पोलंड आणि सोव्हिएत रशियाचं युद्ध. शेवटी १८ मार्च १९२१ ला रिगाचा तह झाला आणि हा मुलूख मधून चिरला गेला. पश्चिम भाग, पिन्स्क, ब्रेस्त, ग्रोदनोसकट, पोलंडला. विल्नाही पोलंडकडं गेलं. सोव्हिएत बेलारूस उरलं सुमारे ५२ हजार चौरस किलोमीटर, आपल्या जिल्ह्याच्या सातपट, आणि त्याच्या राजधानीपासून, मिन्स्कपासून, पोलंडची सीमा तीस-चाळीस किलोमीटरवर. सलग रेघेनं काढाल ती हीच. त्यानंतर १९२४ ला वितेब्स्क-मोगिलेवचा आणि १९२६ ला गोमेलचा भाग मॉस्कोनं पूर्वेकडून जोडून दिला आणि क्षेत्र सव्वा लाखाच्या आसपास गेलं.

म्हणून आईला भेटलेल्या बाईंचं गाव त्यांच्या लहानपणापासून पोलंडमध्येच होतं.

पाचवा ताव १९३९ ते १९४४. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरलं. नोव्हेंबरात पश्चिमेचा सगळा मुलूख ब्यालिस्टॉकसकट सोव्हिएत बेलारूसला जोडला गेला आणि क्षेत्र जवळजवळ सव्वादोन लाख झालं. विल्नियस मात्र सोव्हिएतांनी ऑक्टोबरातच करारानं लिथुआनियाला दिलं होतं. नातीनं इथं विचारलं, "आबा, लोकांना विचारलं का कुणी?" मी तिला रकान्यात 'कशानं' या ठिकाणी 'कब्जा' असं लिहायला सांगितलं, आणि खाली एक तारीख घालायला लावली: १० फेब्रुवारी १९४०. त्या दिवसापासून या मुलखातल्या पोलिश कुटुंबांना मालगाड्यांत भरून सायबेरियाकडं आणि उत्तरेच्या जंगलांत नेणं सुरू झालं. पुढं जर्मनीनं सोव्हिएतांवर हल्ला केला, १९४१ च्या जुलैत पोलंडच्या परदेशातल्या सरकारशी सोव्हिएतांचा करार झाला, सुटका झाली. १९४२ मध्ये हजारो लोक कॅस्पियन समुद्रातून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. पुरुष बरेचसे सैन्यात गेले. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं निरनिराळ्या देशांत पांगली. त्यांतले सुमारे पाच हजार वळिवड्याच्या छावणीत राहिले, १९४३ ते १९४८.

याच तावावर जर्मन कब्ज्याच्या तुटक रेषा येतात. जर्मनांनी हा मुलूख आपल्या सोयीनं तोडला: मिन्स्क एका कारभाराखाली, ब्यालिस्टॉक पूर्व प्रशियाला जोडून, आणि पिन्स्क-ब्रेस्तचा दक्षिण पट्टा त्यांच्या युक्रेनच्या कारभाराखाली. त्या युद्धात बेलारूसच्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा गेला. हा आकडा तावावर कुठं लिहायचा हे मला सुचेना. नातीनं तो मधोमध लिहिला.

सहावा ताव आजचा. १६ ऑगस्ट १९४५ च्या करारानं ब्यालिस्टॉक पोलंडला परत गेलं. पश्चिमेचा बाकी मुलूख सोव्हिएत बेलारूसमध्ये राहिला. २५ ऑगस्ट १९९१ ला बेलारूस स्वतंत्र झाला. ८ डिसेंबर १९९१ ला बेलोवेझच्या जंगलात, विस्कुली इथं, रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ संपल्याच्या करारावर सह्या केल्या. रेघ एकही हलली नाही, पण मोठ्या घराची वाटणी झाली आणि या भावाची वाट बंद झाली. कालपर्यंत रिगा, क्लायपेडा, ओडेसा ही बंदरं त्याच देशात होती. आता ती तीन शेजाऱ्यांच्या आवारात गेली. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर इथं लिहा.

इतर हक्क

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. त्यात वाट, विहिरीचं पाणी, बोजा असं सगळं येतं. सहाव्या तावाच्या बाजूला तसाच रकाना आखा.

आपल्याकडं वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. देशांसाठी १९८२ च्या समुद्रविषयक करारातलं कलम १२५ आहे. भूवेष्टित देशाला समुद्रापर्यंत जाण्यायेण्याचा आणि शेजाऱ्याच्या मुलखातून माल नेण्याचा हक्क ते मान्य करतं. अटी मात्र शेजाऱ्याशी बोलूनच ठरवायच्या, आणि तिथं जागेवर येऊन पंचनामा करणारं कुणी नसतं.

हे कागदावरचं वाटत असेल तर उसाच्या फडात या. आपण उसाला तांबूस पोटॅश टाकतो. भारत आपलं पोटॅश परदेशातून आणतो, आणि त्यातला एक मोठा पुरवठादार बेलारूस. सोलिगोर्स्कच्या खाणीतून निघालेलं पोटॅश रेल्वेनं लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरात जायचं. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियानं ही वाट बंद केली आणि माल रशियाच्या बंदरांकडून लांबच्या रस्त्यानं न्यावा लागला. दोन वाटा दोन रंगांनी काढा आणि पट्टीनं मोजा.

रेल्वेचीही नोंद करा. ब्रेस्तला रुळाची रुंदी बदलते, पूर्वेकडं १५२० मिलिमीटर, पश्चिमेकडं १४३५. गाडी उचलून तिच्या चाकांचे सांगाडे बदलतात. मिरज जंक्शनला एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज भेटायचे. ज्यांनी तिथं सामान एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घातलं आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. द्रुझ्बा तेलवाहिनीही घाला. ती रशियाकडून येते आणि मोझिरला तिचे दोन फाटे होतात. हा बोजा शेजाऱ्यांच्या बाजूनं आहे: त्यांचं तेल याच्या जमिनीतून जातं.

टाचणी

सगळे ताव फुल्यांवर जुळवा, वर क्लिपा लावा. एक गाव निवडा आणि त्या ठिकाणी टाचणी सगळ्या तावांतून आरपार टोचा. मग एकेक ताव उलटा आणि छिद्र कुणाच्या रंगात पडलं ते लिहा. विल्नियस, ब्यालिस्टॉक, स्मोलेन्स्क ही तीन जरूर करा. तिन्ही आज बेलारूसच्या बाहेर आहेत, पण कधी ना कधी त्याच्या नोंदीत येऊन गेली आहेत किंवा त्याच्या लोकांनी त्यांवर हक्क सांगितला आहे.

आम्ही पहिल्यांदा पिन्स्क टोचलं. १५६९: लिथुआनियाचं महासंस्थान. १७९३: रशिया. १९२१: पोलंड. १९३९: सोव्हिएत बेलारूस. १९४१: जर्मन कब्जा. १९४४ ला पुन्हा सोव्हिएत, १९९१ पासून बेलारूस. मग नातीनं विचारलं, पणजी त्या बाईंना भेटली तेव्हा काय होतं? १९४३ च्या श्रावणासाठी आम्हाला तीन नोंदी कराव्या लागल्या. लंडनमधल्या पोलिश सरकारच्या लेखी पिन्स्क पोलंडचं. मॉस्कोच्या लेखी सोव्हिएत बेलारूसचं. आणि प्रत्यक्षात तिथं कारभार जर्मनांचा, त्यांच्या युक्रेन विभागातून. शेऱ्याच्या रकान्यात नातीनं लिहिलं: "वळिवड्याच्या बाईंनी नाव काढली, देश सांगितला नाही."

वळिवड्याला त्या बराकींच्या जागी नंतर सिंधी कुटुंबं आली, आता तिथं गांधीनगरची कापडबाजारपेठ आहे. शहरात महावीर गार्डनमध्ये पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. प्रकल्प घेऊन मुलांना तिथं एकदा न्या आणि स्मारकासमोर बसून पाचवा ताव उघडा.

शेवटची तपासणी अशी करा. टाचणी काढून गठ्ठा खिडकीसमोर धरा. छिद्रातून उजेडाचा एकच बारीक ठिपका आला पाहिजे. तो येत नसेल किंवा लांबट दिसत असेल तर एखादा ताव सरकला आहे. कोपऱ्यांतल्या फुल्या पुन्हा जुळवून घ्या.